ड्विंडल म्हणजे नेमकं किती हळू

इंग्रजी शिकवण्यात माझं उभं आयुष्य गेलं, पण एका क्रियापदानं मला जो घाम फोडला तो दर्यापूरच्या उन्हानंही फोडला नाही. क्रियापद आहे ‘ड्विंडल’. अर्थ विचाराल तर मी आजही आधी पाणी पिते, मग बोलते.

नवी नवी नोकरीला लागले होते तेव्हा पाणीही पीत नव्हते. अमरावतीहून रोज एस.टी.नं दर्यापूरला यायचं, संध्याकाळी परत. आमच्याकडे याला ‘अप-डाउन’ म्हणतात आणि सोयरीक जुळवतानाही पोरगी अप-डाउन करते का ते विचारतात. इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स आणि चेहऱ्यावर असा भाव की इंग्रजी भाषा आमच्या अमरावतीच्या राजापेठेतच जन्माला आली. मराठी माध्यमाची मुलींची शाळा. पहिल्याच महिन्यात मागच्या बाकावरच्या एका पोरीनं उभं राहून विचारलं, “मॅडम, ड्विंडल म्हंजे काय?”

मला येत नव्हतं. पण ‘येत नाही’ हे दोन शब्द त्या काळी माझ्या शब्दकोशात नव्हते. मी खिडकीकडे पाहिलं, विंडोतलं ‘विंड’ आठवलं, आणि ठणकावून सांगितलं, “खिडकीतून डोकावणे. लिहून घ्या.”

सगळ्या वर्गानं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. त्यातली एक पोरगी पुढे शिक्षिका झाली असं कळलं तेव्हा मी देवापुढे हात जोडून एकच मागणं मागितलं, की तिचा विषय गणित असू दे.

संध्याकाळी ग्रंथालयातला वाळवीनं चाखलेला जाडा शब्दकोश काढला. तिथं कळलं की फार पूर्वी इंग्रजीत ‘ड्वाइन’ असं एक क्रियापद होतं. अर्थ वाळत जाणं, खंगणं. माणूस ड्वाइन व्हायचा, झाड व्हायचं. मग कोणीतरी त्याला ‘ल’ची शेपटी जोडली. इंग्रजीत ही शेपटी लागली की एकदाच होणारी गोष्ट थोडीथोडी, पुन्हापुन्हा व्हायला लागते. स्पार्क म्हणजे ठिणगी, स्पार्कल म्हणजे ठिणग्यांवर ठिणग्या, चमचम. क्रॅक म्हणजे तडकणं, क्रॅकल म्हणजे तडतड तडतड. तसं ड्विंडल म्हणजे जरासं वाळणं, मग आणखी जरासं, मग आणखी. यातली गंमत अशी, की शेपटीवालं पोर नांदतं आहे आणि मूळचा ड्वाइन बिचारा शहरी इंग्रजीतून गेला. स्कॉटलंडकडच्या खेड्यापाड्यात तो अजून बोलण्यात आहे म्हणतात. मला त्याच्याबद्दल उगाच माया वाटते. आम्हीही पुण्यात ‘मले-तुले’ म्हटलं की लोक आमच्याकडे असेच बघतात, हे अजून जिवंत आहेत का म्हणून.

मूळ कळलं, पण मराठी अर्थ कोणता द्यायचा? इथं खरा गोंधळ सुरू झाला. आपल्याकडे कमी होणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं कमी होणं वेगळं. विहीर आटते. पूर ओसरतो. साबण झिजतो. माणूस खंगतो. दिवा मंदावतो, धुकं विरतं, बाजार उठतो. मग सापडला ‘रोडावणे’. आवक रोडावली, गर्दी रोडावली. छान. पण पोरी कसल्या ऐकतात? “मॅडम, रोडावते म्हंजे शेवटी संपते का थोडं उरते?” शब्दकोशात दोन्ही होतं. मी म्हटलं, “ते उद्या.” तो उद्या अजून यायचा आहे.

दुसऱ्या वर्षी मी अर्थ सांगायचा नाहीच, दाखवायचा, असं ठरवलं. प्रशिक्षणात आम्हाला हेच सांगितलं होतं. सोमवारी टेबलावर कापराची एक टपोरी वडी ठेवली आणि म्हटलं, रोज बघा. रोज बघितलं. शनिवारपर्यंत वडी निम्मीही उरली नाही. मी विजयानं विचारलं, “काय झालं हिचं?”

वर्ग एका सुरात म्हणाला, “पुष्पानं नेली.”

पुष्पा रडायला लागली. तिच्या मैत्रिणी दुसऱ्या रांगेवर तुटून पडल्या. दप्तरं उलटी झाली. कापूर कोणी नेला नव्हता. तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता आणि कोणाला जाताना दिसला नव्हता. एवढं समजावेपर्यंत तास संपला, आणि पुष्पाच्या आईनं सोमवारी येऊन माझी जी शिकवणी घेतली ती वेगळीच.

आता बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तुम्हाला वाटतं मास्तरणीला मे महिन्याची सुट्टी असते. अनुदानित मराठी शाळेच्या मास्तरणीला मे महिन्यात पोरं गोळा करावी लागतात. खरंच. गावोगाव, दारोदार. शाळेत किती पोरं आहेत त्यावर सरकार किती शिक्षक ठेवायचे ते ठरवतं. पोरं कमी झाली की तुकडी बंद, आणि सगळ्यात नंतर लागलेला शिक्षक ‘अतिरिक्त’. अतिरिक्त म्हणजे पगार कसाबसा चालू, पण माणूस जिल्ह्यात कुठेही, जिथं जागा असेल तिथं. म्हणून चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत, तोंडाला ओढणी गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा घालून आम्ही बाया हिंडतो. एका घरातून आम्ही निघतो तेव्हा दुसऱ्या शाळेचे सर समोरून आत येत असतात. नमस्कार-चमत्कार होतात. उमेदवारांसारखे.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं होती तेव्हा आमच्या शाळेत टांगती तलवार वैशालीवर होती. वैशाली माझ्याच विषयाची, माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. घर दर्यापुरात. सासू अंथरुणाला खिळलेली, मधल्या सुट्टीत ही धावत घरी जाऊन तिची कूस बदलून यायची. हिला दूर मेळघाटाच्या डोंगरात टाकलं तर त्या म्हातारीची कूस कोण बदलणार? एवढाच प्रश्न होता, आणि शाळेतल्या सगळ्यांना माहीत होता. तरी स्टाफरूममध्ये तेच कापराचं चाललेलं. पोरी कमी झाल्या त्या विज्ञानाच्या सरांमुळे, ते रागीट. नाही, शाळेतल्या खिचडीमुळे. नाही, मुख्याध्यापिका राऊत मॅडम गेटवर उभ्या राहत नाहीत म्हणून. प्रत्येकाला चोर सापडलेला, फक्त वेगवेगळा.

त्या मे महिन्यात मी आणि वैशाली तिच्या स्कूटीवर एका गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर येत्या उन्हाळ्यात बाकीच्या शाळा तिथं पोचतील. प्रल्हादभाऊंचं घर. पाचवीत जाणारी समीक्षा ही त्यांची पोरगी. बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, त्यामुळे घरची माणसं अंगणात, कडुलिंबाखाली बाजेवर. भाव वाढेल म्हणून वऱ्हाडात कापूस घरात ठेवतात आणि माणसं बाहेर निजतात. प्रल्हादभाऊंनी आम्हाला पाणी दिलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

“मॅडम, तुमी इंग्रजीच्या ना? मंग हे वाचा बरं. अकोल्याच्या बाजाराचं हाय.”

वाचलं. अरायव्हल्स ड्विंडल. मी वैशालीकडे पाहिलं आणि आधी पाणी प्याले.

“आवक रोडावली,” मी म्हटलं.

“रोडावली म्हंजे बंद झाली का कमी झाली?”

“कमी होत चालली आहे.”

“किती?”

“ते या शब्दात नसतं भाऊ. हळूहळू, एवढंच असतं.”

“हे काय बोलनं झालं! हळूहळू तं आमची म्हातारीबी चालते, पन बुधवारी निघाली तं बुधवारीच पोचते.” म्हातारी शेजारीच बसली होती, ती हसली. “बरं, मंग भाव चढन का?”

“चढायला हवा.”

“म्हनूनच तं ठेवला. सारं गाव ठेवून बसलं हाय.” मग ते स्वतःच थांबले आणि डोकं खाजवायला लागले. “आता मले एक सांगा. आमी सारे थांबलो म्हून आवक कमी झाली. अन् आवक कमी झाली हे वाचून आमी सारे थांबून राहिलो. यात पयले काय झालं?”

मी पुन्हा पाण्याचा पेला उचलला. एवढ्यात त्यांनी दुसरा दगड टाकला. “तुमच्या शाळेचंबी तसंच हाय. पोट्ट्या कमी होऊन राहिल्या म्हनते, म्हून लोक पाठवत नाई. अन् लोक पाठवत नाई म्हून कमी होऊन राहिल्या.”

वैशाली हळूच म्हणाली, “तुम्ही पाठवली तर एक तरी वाढेल ना, भाऊ.”

आतापर्यंत चुलीपाशी बसलेली त्यांची बायको पदराला हात पुसत पुढे आली. तिनं सरळ मला विचारलं, “बाई, तुमाले नात हाय का?”

“आहे.”

“कोन्या शाळेत हाय?”

वैशालीनं माझ्या पायावर पाय दिला. पंचवीस वर्षांची असते तर मी खिडकीतून डोकावले असते. ठणकावून काहीतरी फेकलं असतं. पण तोपर्यंत माझी तेवढी उमेद राहिली नव्हती. मी म्हटलं, “अमरावतीला. इंग्रजी माध्यमात.”

“मंग आमाले काहून सांगून राहिल्या?”

“माझ्या घरात माझं कोणी ऐकत नाही म्हणून तुमच्या घरी आले.”

बाई मोठ्यानं हसली. पदर तोंडाला लावून, पोट धरून. मग नवऱ्याकडे बघत म्हणाली, “लिवा वं माय नाव. मागच्या हप्त्यात तिघं मास्तर येऊन गेले, एकबी खरं नाई बोलला.” हे ‘वं माय’ नवऱ्याला की मला ते कळलं नाही, पण नाव लिहिलं गेलं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून शेजारच्या चार घरांनीही नावं दिली. परत येताना वैशाली स्कूटीवर गाणं म्हणत होती. मीही मागे बसून ठेका धरला. मी हे सांगते आहे कारण त्यानंतर जून आला.

जूनमध्ये त्या गावातून आमच्याकडे एकही पोरगी आली नाही. सगळ्या दुसऱ्या शाळेत गेल्या. मी प्रल्हादभाऊंना फोन केला, जरा तावातावानंच. ते म्हणाले, “आता बापा, रशीदभाई तिकडेच नेतो म्हने.”

रशीदभाई म्हणजे त्या गावचा ऑटो. आम्ही बापांना समजावलं होतं, आयांना समजावलं होतं, एका आजीचा चष्माही दुरुस्त करून दिला होता. ज्याच्या हाती खरोखर पोरींची शाळा ठरते त्या ऑटोवाल्याला मात्र आम्ही साधा नमस्कार घातला नव्हता. एवढ्या वर्षांच्या मुरलेल्या मास्तरणींनी हे विसरावं! पोरी ज्या शाळेत गेल्या तिथले सर मे महिनाभर घराघरांतून हिंडलेच नव्हते. ते स्टँडवर रशीदभाईसोबत चहा पीत बसले होते.

मी स्टँडवर गेले. रशीदभाई ऑटोच्या मागच्या सीटवर पाय वर घेऊन पेपर वाचत होते. मी आमच्या शाळेचं नाव सांगताच उठून बसले.

“आओ मॅडम. गुस्सा नका करू. माहं सांगनं ऐका पयले. तुमची शाळा सुटते कितीले?”

“साडेपाचला.”

“अन् त्याईची पाचले. मी पाचले त्याईच्या पोट्ट्या घेतो, मंग अर्धा घंटा तुमच्या गेटसमोर उभा राहू का? तेवढ्यात बाजाराच्या बायाईची खेप जाते ना माही. म्हून मी गावात बोललो, एकच शाळा ठरवा. आता ज्याची घंटी पयले वाजते त्याची शाळा. यात दुश्मनी नाई.”

“फक्त घंटा?”

“फक्त घंटी. तुमची शाळा तं बढिया हाय. माह्या बहिणीची पोट्टी तिथंच शिकली. इंग्रजी नाई आलं तिले, पन बोलाले घाबरत नाई कोनाले.”

हे कौतुक होतं की काय, यावर मी परतीच्या एस.टी.त विचार करत होते. दुसऱ्या दिवशी राऊत मॅडमना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग चिडल्या. “एका ऑटोवाल्यासाठी शाळेची वेळ बदलायची? संस्थेला काय सांगू?” मी म्हटलं, “सांगा, संध्याकाळी मुली लवकर घरी पोचाव्यात म्हणून.” ते खोटं नव्हतं. शाळा अर्धा तास आधी भरायला लागली आणि अर्धा तास आधी सुटायला लागली. सगळे शिक्षक माझ्यावर चडफडले. अप-डाउन करणाऱ्यांना आता आधीची बस धरावी लागे, त्यात मलाही. पण आता दोन्हीकडच्या घंटा पाचलाच वाजत होत्या, आणि दुसऱ्या आठवड्यात रशीदभाईंचा ऑटो गेटसमोर थांबला आणि त्यातून, म्हणजे पाहणाऱ्याला विश्वास बसणार नाही इतक्या, पोरी उतरल्या. समीक्षा सगळ्यात शेवटी, दोन वेण्या, रिबिनी लाल. वैशाली गेटवर उभी होती. ती मोजायला लागली आणि मधेच मोजायचं सोडून तोंड फिरवून उभी राहिली.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी हे सगळं मोठ्या फुशारकीनं सांगितलं असतं. पण त्या वर्षी एका गावातून आल्या तशा दुसऱ्या दोन गावांतून गेल्याही. कोणाचा बाप अकोल्याला बदलून गेला, कोणी वसतिगृहात गेल्या, कोणाच्या गावात नवी पिवळी बस यायला लागली. कोणी नेल्या नाहीत. पटाची गणना झाली, किती शिक्षक मंजूर त्याचा कागद आला, आणि इंग्रजीची एक जागा कमी झाली. वैशालीचं नाव.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती घरी धावली नाही. सासूला शेजारणीच्या हवाली करून स्टाफरूममध्ये बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसले. मला धीर देता येत नाही, मी चेष्टा करते. त्या दिवशी नुसता माझा डबा तिच्यापुढे सरकवला.

मला निवृत्तीला अजून दीड-दोन वर्षं होती. गुडघे कुरकुरत होते हे खरं, आणि नवऱ्यानं घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हिला शाळेतून काढायला पोलीस लागतील, हेही खरं. मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. माझी जागा रिकामी झाली की त्याच विषयाची वैशाली तिथं राहते, असा नियम. मी कोणाला सांगितलं नाही. राऊत मॅडमना म्हटलं, गुडघे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सही केली. मला वाटलं होतं, निदान आपल्याला आपल्याबद्दल थोडं मोठं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट सारखं वाटत राहिलं की मी काही थांबवलं नाही, नुसती रांगेत पुढे जाऊन उभी राहिले.

वैशालीला कळायचं ते कळलंच. शाळेत भिंतींनाच नाही, डब्यांनाही कान असतात. मला वाटलं रडेल, पाया पडेल. मी पाय मागे घ्यायची तयारी करून बसले होते. ती आली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली,

“मॅडम, तुमी गेल्या म्हून मी राहिली. पुढच्या सालाले कोन जाईन?”

स्टाफरूममधल्या सगळ्या माना एकदम वळल्या. मग विज्ञानाचे रागीट सर म्हणाले, “माझ्याकडे कशाला बघता सगळे?” आणि हशा पिकला. वैशालीही हसली. मी म्हटलं, “पुढच्या मे महिन्यात मला फोन कर. पेन्शनर बाईला ऊन लागत नाही.”

निरोपसमारंभात माझ्याविषयी जे जे बोललं गेलं त्यातलं अर्धं खोटं होतं आणि अर्धं मीच लिहून दिलं होतं. शाल मिळाली. घरी आले. आठ दिवस झोपले. मग सकाळी उठून बसच्या वेळेला दाराशी उभी राहायला लागले, तेव्हा सून म्हणाली, “आई, कुठं जायचंय?” मी म्हटलं, “कुठं नाही, वारा घेते.”

मे महिन्यात फोन आला. सकाळी पहिल्या बसनं गेले, वैशाली स्टँडवर स्कूटी घेऊन उभी. सासू कशी आहे विचारलं तर म्हणाली, “आहे. काल तुमची आठवण काढली, नाव विसरल्या पण.” या खेपेला आधी रशीदभाईंकडे गेलो, चहा प्यालो, ते म्हणाले पलीकडच्या गावात तीन घरं बघून ठेवली आहेत. गेलो.

पहिल्याच दारात एक तरुण आई. कडेवर लहानगं, पदराआड पाचवीची पोरगी. वैशालीनं आपली ओळख करून दिली. मग ती बाई माझ्याकडे वळली.

“अन् आजी, तुमी?”

“मी रिटायर झाले. आता शाळेत नाही.”

“मंग उन्हात काहून फिरून राहिल्या?”

मी तोंड उघडलं. ड्विंडलचा अर्थ सांगायला उघडावं तसं. मग पर्समधून बाटली काढून आधी पाणी प्याले. वैशालीनं कागद पुढे केला. बाई क्षणभर आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली, मग कडेवरचं मूल दुसऱ्या बाजूला घेत पोरीला म्हणाली, “सांग वं तुहं नाव मॅडमले. जोरानं सांग.”

पोरीनं जोरानं सांगितलं. वैशालीनं लिहून घेतलं. मी ओढणी पुन्हा तोंडाला गुंडाळली; पुढचं घर उन्हात होतं.